सकाळी नऊच्या आत

रक्त सकाळी नऊच्या आत द्यायचं,
नंतर ते उतरत जातं म्हणे, भरती उतरावी तसं.
म्हणून देवगडहून पहिली कणकवली गाडी,
उपाशी पोट, नांदगाव तिठ्यापर्यंत काळोख,
आणि शेजारी रतन, मांडीवर फाईल,
फाईलीत माझी छाती,
गेल्या शिमग्यात दोन स्प्रिंगा घातलेली.

सारंग डॉक्टर पोर आहे, माझ्या नातीएवढी.
तिनं विचारलं, "आजोबा, ते... होतं का अजून?"
मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघितलं,
लाल-निळ्या नळ्या, डिझेलच्या लाईनी जशा.
उत्तर रतननं दिलं.
काय दिलं ते सांगणार नाही.
कंपाउंडर मात्र उठून बाहेर गेला.

आठ दिवसांनी मुंबईहून आकडा आला.
जिथं निदान तीनशे हवेत तिथं एकशे ऐंशी.
चाळीस वर्षं बंदरावर मी आकडेच वाचले,
तेलाचा दाब, पाण्याचा ताप.
तांडेल ओरडायचे, "मेस्त्रीनु, काटो पडलो!"
काट्यावर हातोडी मारून बोट चालत नाही
हे मला कुणी शिकवलं नाही,
दोनदा मारून मीच शिकलो.

प्रणित, भावाचा नातू, जामसंड्यात जिम चालवतो.
म्हणाला, "जेल गावता आजोबा, खांद्याक लावचा.
म्हयन्यात घोडो."
ती ट्यूब घेऊन मी पुन्हा डॉक्टरकडे,
जुना पट्टा दुकानात दाखवायला न्यावा तसा.

ती म्हणाली, हृदय दुखावलेल्यांत हे कमी सापडतं, खरं.
पण ते कमी झालं म्हणून हृदय बिघडलं,
की हृदय, साखर, पोट, सगळंच बिघडलं म्हणून ते कमी झालं,
"हे अजून नीट सुटलेलं नाही, आजोबा."
मला आवडलं.
"माहीत नाही" म्हणणारा मेस्त्री आयुष्यात एकच भेटला,
हर्णैचा इस्माईल मुकादम,
त्यानं जोडलेलं इंजिन अजून पाण्यात आहे.
धूर म्हणजे बिघाड नव्हे.
पण धूर खोटंही बोलत नाही.

मग कागदावर रेघ ओढत तिनं आणखी सांगितलं,
बायकांचं म्हणतात ते हार्मोनही असतं पुरुषात,
पोट सुटलं की चरबी यातलं थोडं त्यात बदलून टाकते.
आमच्या बावीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं,
समुद्र आत सरकतो, कुणाला न विचारता.
त्या पाण्यात डाळ शिजत नाही.
माड मात्र जगतात, बरे जगतात.

रतनच्या हनुवटीवर दोन केस आलेत, ती चिमट्यानं ओढते.
माझ्या छातीवरचे पट्टी काढताना भादरले,
ते परत आलेच नाहीत म्हणा ना.
परवा टोपलीत बोटाएवढं पापलेट बघून
माझे डोळे भरले. सत्तर वर्षं मासे खातोय मी.
ती कालवण ढवळत म्हणाली,
"आता कसे माणसासारखे दिसतास."

ट्यूब कपाटात आहे, शिवणाच्या डब्यामागे, सील न तोडलेली.
टाकलेली नाही. खोटं कशाला सांगू.
एखाद्या रात्री हात कडीपर्यंत जातो,
वर पठारावर पवनचक्कीचं पातं हवा कापत असतं,
आणि आठवते आश्विनातली एक रात्र,
किनाऱ्याला ओढलेला पडाव, जाळ्यांचा ओला ढीग,
त्यावर ती आणि मी.
बाकीचं माझ्याजवळ राहू दे.

इंजिन ऐकायचं तर मेस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवतो,
मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो.
रतनला हत्यार लागत नाही,
ती स्प्रिंगांवर सरळ डोकंच ठेवते.
"काय आयकतंस?"
"गप ऱ्हवा."
बराच वेळ.
"चालू आसा," म्हणते, आणि तिथंच झोपते,
माझा डावा हात खाली अडकवून.
हाताला मुंग्या येतात.
मी काळोखात पडून हिशेब लावत बसतो,
या मुंग्या साध्या, की त्या दुसऱ्या.